दोन वर्षं आणि एक दिवस

ईमेल आला तो 2025च्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात. विषयाच्या ओळीत ‘वार्षिक सहयोग’ असं होतं. पैसे बरे असणार हे मला तिथंच कळलं, कारण कमी पैसेवाले सरळ ‘जाहिरात’ असं लिहितात.

आम्ही तिघी कोल्हापुरातून मराठी आईबापांसाठी एक साइट चालवतो. एक आहारतज्ज्ञ, एकीनं वर्तमानपत्राच्या डेस्कवर बारा वर्षं काढलेली, आणि मी पतसंस्थेतून बाहेर पडलेली, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. ऑफिस म्हणजे राजारामपुरीत आहारतज्ज्ञबाईंच्या घराची मागची खोली. एक टेबल, दोन लॅपटॉप आणि त्यांच्या सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांचं कपाट. नावं कुणाचीच लिहीत नाही. कंपनीचंही नाही, कारण तिनं आमचं काही वाकडं केलेलं नाही. मागितलं ते रीतसर मागितलं.

मागणी अशी होती. आमच्या आहार विभागावर वर्षभर कंपनीच्या जाहिरातीचा पट्टा, महिन्याला त्यांच्या तज्ज्ञाचा एक लेख, आणि माल कोणता, तर दोन वर्षांपुढच्या मुलांच्या दुधात घालायची पावडर. मोबदल्यात आमचा वर्षाचा निम्मा खर्च सुटत होता. लेखिकांचं मानधन तेव्हा तीन महिने थकलेलं होतं. मी कुठल्या बाजूची होते हे वेगळं सांगायला नको.

‘दोन वर्षांपुढच्या’ हे शब्द ईमेलमध्ये ठळक होते. का, ते कळायला कायदा माहीत लागतो.

अर्भकांचं पावडरीचं दूध, बाटल्या आणि अर्भक अन्न यांच्यासाठी आपल्याकडे 1992चा एक कायदा आहे. 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झालेला, 2003 साली आणखी कडक केलेला. नाव लांबलचक आहे, सगळे आयएमएस कायदा म्हणतात. दोन वर्षांखालच्या बाळाचं पावडरीचं दूध, सहा महिन्यांपासून देतात तो डब्यातला खाऊ, आणि दूध पाजायची बाटली, या तिन्हींची जाहिरात करायची नाही. कुठंही नाही, कशीही नाही. फुकट नमुना नाही, सूट नाही, भेटवस्तू नाही. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायचं नाही. डॉक्टरांच्या संघटनेच्या परिषदेला या कंपन्यांनी पैसे द्यायचे नाहीत. आणि कलम 3 म्हणतं की जाहिरात करायची नाही आणि ती प्रसिद्ध करण्यात भागही घ्यायचा नाही. म्हणजे छापणारा आणि दाखवणाराही त्यात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दोन वर्षं संपली की मात्र हा कायदा हात झटकतो. दोन वर्षं आणि एक दिवस झालेल्या मुलाच्या पावडरीची जाहिरात खुशाल करा. कंपनीच्या ईमेलमध्ये हेच सभ्य भाषेत लिहिलं होतं.

कलम 3 डेस्कवालीनं मोठ्यानं वाचलं आणि ‘बाटल्या’ या शब्दावर थांबली. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ‘बाळंतपणाला जाताना बॅगेत काय भरावं’ हा आमचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख, मीच लिहिलेला. अकराव्या नंबरला बाटली, आणि बाटलीखाली खरेदीच्या साइटची लिंक, जिच्यावर आम्हाला कमिशन मिळायचं. तीन वर्षं ती लिंक तिथं होती. मी वही काढून बघितलं, आजवर बाटल्यांवर मिळालेलं कमिशन सगळं मिळून 1,840 रुपये. दुसऱ्याच्या पैशाकडं बोट दाखवायला बसलेल्या बाईच्या वहीत ही नोंद निघणं यासारखी शोभा नाही. त्याच संध्याकाळी लिंक काढली, लेखाखाली चूक कबूल करणारी ओळ घातली. (पुढं 22 सप्टेंबरला बाटल्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. जाहिरातीला बंदी आणि करात सवलत. ऐकायला विचित्र, पण माझ्या मते दोन्ही बरोबर. जिला बाटली लागतेच तिला ती स्वस्त मिळावी, आणि जिला लागत नाही तिच्या डोक्यात कुणी ती भरवू नये.)

मग आपोआप येणाऱ्या जाहिरातींकडे वळलो. या जाहिराती आम्ही निवडत नाही. पानावर चौकोन मोकळा सोडायचा, आणि त्यात काय दिसणार हे समोर कोण वाचतंय ते बघून यंत्र ठरवतं. आम्हाला काही वर्ग बंद करता येतात, काही जाहिरातदारांचे पत्ते अडवता येतात, येऊन गेलेल्या जाहिराती नंतर तपासता येतात. नंतर, हा त्यातला मुख्य शब्द. कसबा बावड्यातल्या एका वाचक ताईंनी पूर्वीच एक स्क्रीनशॉट पाठवून ठेवला होता. वर लेख ‘बाळ नीट ओढत नाही, काय करावं’, खाली सहा महिन्यांपासूनच्या खाऊची रंगीत जाहिरात, आणि फोनच्या कोपऱ्यात वेळ 3:12. बाळ आणि आई दोघंही रडत असताना त्या चौकोनाची किंमत सगळ्यात जास्त असते. जाहिरात लावणाऱ्याला हे बरोबर कळतं.

एकदा तर ‘मुलगाच होईल’ छापाची जाहिरात दिसली होती. 2011च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे 863 मुली होत्या, शून्य ते सहा वयात, त्या जिल्ह्यातून चालणाऱ्या साइटवर. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीला 1994च्या कायद्यानं बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली शोधयंत्रांच्या कंपन्यांना अशा जाहिराती तक्रार आल्यावर 36 तासांत काढायला लावल्या होत्या. पण ‘मुलगाच होईल’ म्हणणारी काढ्याची पुडी निदान करत नाही, नुसती आशा विकते, आणि अशी गोष्ट वर्गवारीच्या चाळणीतून सहज खाली पडते. त्या रात्रीच आम्ही सगळे आपोआप भरणारे चौकोन बंद करून टाकले. त्यावर फार चर्चा झाली नाही. त्यातून मिळत होतं तेही फार नव्हतं.

खरी चर्चा ईमेलवर झाली, आणि ती तीन आठवडे पुरली.

माझं म्हणणं साधं होतं. कायदा परवानगी देतो, मूल दोन वर्षांचं झालेलं आहे, आणि लेखिकांना तीन महिने पैसे नाहीत. आहारतज्ज्ञबाईंचं म्हणणं असं की दोन वर्षांचं मूल घरातलं जेवतं; भाकरी दुधात कुस्करून, वरणभात, अंडं, शेंगदाण्याचा कूट. त्याला पावडर लागते असं त्यांनी आजवर एकाही निरोगी मुलाच्या कागदावर लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलं नाही त्याच्या पट्ट्याखाली त्या लेख लिहिणार नाहीत. डेस्कवाली दोघींचं ऐकून घेत होती. मग म्हणाली, चला, डबा बघून येऊ.

शाहूपुरीतल्या एका मेडिकलमध्ये गेलो. काउंटरच्या मागे वरच्या फळीवर डबे ओळीनं लावलेले. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. सगळ्यांचं नाव एक, अक्षरांची वळणं तीच, झाकणाचा रंग तेवढा बदलत जाणारा. आणि ओळीच्या टोकाला पाचवा, आपला, दोन वर्षांपुढचा. नाव तेच, शेवटी एक इंग्रजी शब्द जास्त. कायद्याची रेघ चौथ्या आणि पाचव्या डब्याच्या मधून जाते, पण फळीवर ती कुठं दिसत नव्हती. डेस्कवालीनं दुकानदाराला विचारलं, ‘दादा, हा शेवटचा कुणासाठी?’ तो फोनवर बोलत होता, न वळताच म्हणाला, ‘लहान बाळाचा आहे. कितवा महिना?’

परत येताना रिक्षात मी काही बोलले नाही. तरी एक प्रयत्न केला. कंपनीला लिहिलं, पट्टा घेतो, पण डब्याचं चित्र नको आणि ते सामाईक नावही नको. ‘दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी पूरक पावडर’ एवढंच लिहू. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अगदी नम्र. डबा आणि नाव दोन्ही दिसणं ब्रँडच्या नियमांप्रमाणे आवश्यक आहे. म्हणजे आम्हाला मिळणारे पैसे पावडरीचे नव्हते, नावाचे होते. पाचव्या डब्याची जाहिरात बघून पहिल्या डब्याची आठवण व्हावी, एवढ्याचेच ते पैसे. माझा विरोध तिथं संपला.

इथं नकाराचं पत्र लिहून विषय मिटला असता. पण मधल्या काळात मी एक उद्योग करून ठेवला होता. आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अशी जाहिरात आली तर घ्यावी का’ असं विचारलं होतं, कंपनीचं नाव न घेता. नाव ओळखायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्या दिवसांत कोल्हापूर बहिष्काराच्या रंगात होतं हे लक्षात घ्या. जुलैच्या शेवटी नांदणी मठाची हत्तीण, कुणी महादेवी म्हणतं कुणी माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेली. वनतारा अंबानींचं, म्हणून लोकांनी जिओची सिमकार्डं पोर्ट करायला सुरुवात केली. 3 ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर मूक मोर्चा निघाला. थोड्याच दिवसांत नांदणीजवळच हत्तिणीसाठी केंद्र उभारायची तयारी वनताराकडून दाखवली गेली. त्याआधी टोलचं आंदोलन होतंच, एन. डी. पाटील सरांच्या मागं उभं राहून ‘आम्ही टोल देणार नाही’ म्हटलेलं हे गाव. बहिष्काराला यश येतं हे इथं पुस्तकात वाचावं लागत नाही.

म्हणून ग्रुपवर दोन दिवसांत यादी फिरायला लागली. कंपनीचं सगळंच टाका. बिस्किटं, चॉकलेट, सगळं. साइटनं पुढाकार घ्यावा. काहीजणी याच्याही पुढं गेल्या, साइटवरच बहिष्कार घाला म्हणाल्या, विचार केला हाच गुन्हा. एकीनं नेस्लेवरच्या बहिष्काराचा इतिहास लिहून पाठवला, आणि तो बरोबर होता. 1977 साली अमेरिकेत सुरू झालेला, गरीब देशांत पावडरीचं दूध ज्या पद्धतीनं खपवलं जात होतं त्याविरुद्ध. त्याच रेट्यातून 1981च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेनं पावडरीच्या दुधाच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर केली, 118 विरुद्ध 1 मतानं. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं. 1984 साली बहिष्कार थांबला, 1988 साली पुन्हा सुरू झाला. आपला 1992चा कायदा त्याच संहितेच्या पोटातून आलेला. त्यामागं महाराष्ट्राचा हातही आहे. स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था 1991च्या डिसेंबरात वर्ध्यात सुरू झाली, आणि या कायद्याखाली तक्रार करायचा अधिकार मिळालेल्या मोजक्या संस्थांत ती आहे.

मी वाहवत चालले होते. साइटच्या पहिल्या पानावर ‘बहिष्कार’ असं मोठ्या अक्षरात टाकायचं असा मजकूरही करून ठेवला. डेस्कवाली म्हणाली, ‘हा शब्द जरा जपून वापर. आपल्या भाषेत बहिष्कार आधी माणसांवर पडलाय, मग मालावर.’ टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार आपल्याला शाळेत शिकवतात. पण 1920च्या मार्चमध्ये माणगावला, आपल्याच जिल्ह्यात, शाहू महाराज आणि बाबासाहेब ज्या परिषदेत एका मांडवात बसले ती बहिष्कृत वर्गाची परिषद होती. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध राज्याला 2016 साली कायदा करावा लागला. तिनं आणखी एक सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. ‘मूकनायक’ निघालं तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. म्हणाली, ‘जाहिरात नाकारली की आपण आपोआप चांगले होत नाही. कुणाला नाकारतोय आणि त्याचा भार कुणावर पडतोय ते बघायचं.’

मला तेव्हा हे जरा जास्तच अभ्यासू वाटलं. रात्री व्हॉइस नोट आली.

पाठवणारी इचलकरंजीची. ग्रुपवर कधी एक अक्षर न लिहिलेली. मागं यंत्रमागाची खडखड ऐकू येत होती. तिच्या परवानगीनं तिचं बोलणं जवळपास जसंच्या तसं देते:

‘ताई, ग्रुपवरचं ते बहिष्काराचं वाचलं. माझं बाळ आठव्या महिन्यात झालं, बावीस दिवस काचंत हुतं. डाक्टरनी डबा लिहून दिला. डबा घरात आला तवापास्नं सासू माझ्यासंगं बोलत न्हाई. जाऊ म्हणती, आमाला काय दूध न्हवतं व्हय? आता तुमीबी बहिष्कार घाला म्हणतासा. डब्यावर घातला तर पोराला काय देऊ? सासू म्हणती गाईचं दे पाणी घालून.’

जिओ सोडणाऱ्याला दुसरं सिमकार्ड होतं. बिस्किटाला दुसरं बिस्कीट आहे. हिला काय होतं? दुसऱ्या कंपनीचा डबा, जो त्याच फळीवर तशाच ओळीत बसलेला आहे. किंवा सासूबाईंचं पाणी घातलेलं गाईचं दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून पेला हातात देणारं हे शहर, दूध म्हटलं की इथं प्रत्येक जण तज्ज्ञ. पण पहिल्या सहा महिन्यांत गाईम्हशीचं दूध बाळाला द्यायचं नसतं, आणि आईचं दूध आटलेल्या घरात डबा हटवला तर त्याच्या जागी बहुतेक वेळा तेच येतं. कंपनीला याची झळ किती बसणार? इचलकरंजीत मात्र ती त्याच रात्री बसली होती.

आणि ज्या बाईला आमच्या साइटची सगळ्यात जास्त गरज, तिलाच आम्ही गुन्हेगारांच्या रांगेत उभं केलं होतं. ग्रुपवर तसं एक वाक्यही नव्हतं. तरी तिला ऐकू आलं ते तेच.

नवरात्र बसायच्या आधी आम्ही निर्णय लिहून काढला. दोन वर्षांखालच्या कुठल्याही डब्याची, खाऊची, बाटलीची जाहिरात घेणार नाही. त्यात आमचा मोठेपणा नाही, तो कायदाच आहे. त्याच नावानं विकल्या जाणाऱ्या दोन वर्षांपुढच्या मालाचीही घेणार नाही; हा आमचा निर्णय, आणि त्याचा तोटा आमचा. पैसे घेऊन लिहिलेल्या प्रत्येक लेखावर शीर्षकाच्या वरच ‘जाहिरात’ असं लिहू; ‘सहयोग’, ‘सौजन्य’ असले शब्द नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची केंद्राची 2022ची मार्गदर्शक तत्त्वं पैशाचं नातं उघड करायला सांगतातच, पण ते कुठल्यातरी कोपऱ्यात बारीक अक्षरात उघड करायची पद्धत पडली आहे. आणि शेवटचं, बहिष्काराची हाक आम्ही देणार नाही. ज्यांना घालायचा त्यांनी जरूर घालावा. डबा कुणी का आणला हे आमच्या पानावर विचारलं जाणार नाही.

त्याच आठवड्यात आहारतज्ज्ञबाईंनी एक लेख लिहिला, जो आम्ही इतकी वर्षं टाळत आलो होतो: डबा लागलाच तर दूध कसं करायचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, निदान 70 अंश गरम असतानाच मिसळायचं, मग निववायचं. डब्यातल्या चमच्याचं माप सपाट. डबा महिनाभर पुरवायचा म्हणून एक चमचा कमी टाकणं हे बाळाला अर्धपोटी ठेवणं आहे, आणि ते घराघरात चालतं. बाटलीऐवजी वाटीचमचा. केलेलं दूध दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. आईचं दूध परत येऊ शकतं का, कुणाला भेटावं, हे सगळ्यात शेवटी, आणि तेही ‘करायलाच हवं’ असा सूर न लावता. लेखात एकाही ब्रँडचं नाव नाही.

यानं सगळे खूश झाले असं नाही. स्तनपानासाठी घरोघर फिरून काम करणाऱ्या दोन ताई ग्रुपमधून गेल्या. डबा कसा करायचा हे तुम्हीच शिकवायला लागल्यावर कंपनीचं काम फुकटात झालं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण त्यांच्या जागी मीही कदाचित तसंच म्हटलं असतं. ज्या वॉर्डात त्या उभ्या राहतात तिथं मी उभी राहिलेली नाही. त्यातल्या एकीला दिवाळीत फोन केला होता. फराळाचं बोललो, या विषयाचं नाही.

हिशेब असा झाला. कंपनीचे पैसे नाहीत, आपोआप येणाऱ्या जाहिरातींचे नाहीत, बाटलीचं कमिशन नाही. लेखिकांचं मानधन दोन हप्त्यांत दिलं, त्यातला एक हप्ता माझ्या मोडलेल्या ठेवीतून. वाचकांकडून वर्गणी मागितली, ती आली पण पुरेशी नाही. आता गावातल्या लहान जाहिराती घेतो. झबली-टोपडी शिवणाऱ्या बाई, पाळणा भाड्यानं देणारे, बाळंतविडा करणाऱ्या. गावातले म्हणून भाबडे असतील असं मात्र समजू नये. एका वैद्यांनी सुवर्णप्राशनाची जाहिरात आणली, ‘बुद्धी दुप्पट’. परत पाठवली, तर ते म्हणाले, मोठ्या कंपन्या पावडरीनं उंची वाढवतात ते चालतं का? मुद्दा बिनतोड होता. जाहिरात परतच गेली.

सगळ्यात जास्त वेळ डिंकाच्या लाडवांनी खाल्ला. मंगळवार पेठेतल्या एक काकू, लाडू उत्तम, मजकूर ‘आईचं दूध हमखास वाढवणारे’. आहारतज्ज्ञबाईंनी ‘हमखास’ काढायला सांगितलं, मग ‘वाढवणारे’ काढायला सांगितलं, मग ‘आईचं दूध’ काढायला सांगितलं. काकू फोनवर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘अहो, मग उरलं काय? डिंकाचे लाडू?’

‘डिंकाचे लाडू, किलोचा भाव, आणि ऑर्डर दोन दिवस आधी.’

‘आजीच्या हातचे, असं चालंल काय?’

‘आजी आहेत का?’

‘न्हाईत. पण कढई त्यांचीच हाय.’

त्यावर आमच्यात पुन्हा अर्धा तास गेला. शेवटी ‘आजीच्या कढईतले’ असं छापलं.